रिकाम्या खणातला बल्ब

ॲक्सेसरीजच्या दुकानात मागच्या दिव्यांची जोडी आपण समोरून बघतो. दुकानदारही समोरूनच दाखवतो. पारदर्शक काच, आत आरशासारखा मुलामा आणि त्यात चार गोल वाट्या: दोन लाल, एक पिवळी, एक पांढरी. माझ्या जुन्या गाडीसाठी मी अशी जोडी आणली, घरी खोक्यातून काढली आणि सहज पालथी केली. समोर वाट्या चार, मागे होल्डर तीनच. वरची लाल वाटी नुसती शोभेची होती. तिच्यामागे बल्ब नव्हता, होल्डर नव्हता, साधं भोकही नव्हतं. दिवसा चारही वाट्या सारख्या चमकत; रात्री मात्र वरची वाटी पडलेल्या दाताच्या जागेसारखी काळी दिसायची.

ती पेटवायची, एवढाच बेत होता. दोन बल्ब, दोन होल्डर, हातभर वायर. रविवारची एक दुपार पुरेल असा अंदाज. प्रत्यक्षात तीन रविवार गेले, त्यातला एक मी स्वतःच करून ठेवलेलं निस्तरण्यात.

या रिकाम्या वाट्यांचं मूळ जपानमध्ये सापडतं. १९९८ साली टोयोटाने ‘अल्टेझा’ नावाची सेडान तिथे बाजारात आणली. बाहेरच्या देशांत तीच गाडी लेक्सस आयएस म्हणून विकली गेली. तोवर मागचा दिवा म्हणजे लाल-पिवळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा असे. अल्टेझाने बाहेरची काच रंगहीन ठेवली आणि लाल गोल आत, दागिन्याच्या डबीत ठेवावेत तसे ठेवले. लोकांना ते इतकं आवडलं, की थोड्याच वर्षांत होंडा सिव्हिकपासून फोक्सवॅगन गोल्फपर्यंत अनेक गाड्यांसाठी तशाच धाटणीचे दिवे बाहेरचे कारखाने काढू लागले. अमेरिकेत त्यांना ‘अल्टेझा लाईट’ म्हणत, इंग्लंडमध्ये ‘लेक्सस लाईट’, आपल्या दुकानांत ‘क्रिस्टल’. नक्कल करणाऱ्यांना मूळ गाडीच्याच वायरिंगवर आणि तेवढ्याच बल्बांवर भागवायचं होतं. वाट्या वाढल्या, बल्ब तेवढेच राहिले. शिवाय मागून येणाऱ्याच्या दिव्यात चमकून उठणारा लाल परावर्तक, आपण ज्याला रिफ्लेक्टर म्हणतो तो, अशा अनेक स्वस्त जोड्यांमधून गळून गेला. ही मात्र शोभेची बाब नव्हती. बंद पडलेली गाडी अंधारात उभी असेल, बॅटरी उतरलेली असेल, तेव्हा तो एक तुकडाच काय तो बोलत असतो.

मागच्या दिव्यांच्या संख्येचं वेड मात्र अल्टेझापेक्षा कितीतरी जुनं. १९५८ साली शेवरोलेची इम्पाला आली तेव्हा तिच्या मागे प्रत्येक बाजूला तीन गोल दिवे होते आणि त्याच वर्षीच्या खालच्या दर्जाच्या सेडानना दोन. साठच्या दशकाच्या सुरुवातीलाही हा भेद टिकला. पुढे चाललेली शेवरोले महागाची की स्वस्तातली, हे मागच्या माणसाला दिवे मोजून कळे. आता अशी सोय असली, की दोन दिव्यांची गाडी घेतलेला माणूस तिसरं भोक पाडायला किती दिवस लावणार? गंमत म्हणजे त्यातल्या काही वर्षांच्या मॉडेलांत मधला दिवा ब्रेकचा नसून रिव्हर्सचा होता. म्हणजे तिसरा दिवा गाडी थांबवण्याबद्दल काहीच सांगत नव्हता, मालकाबद्दल सांगत होता.

फोर्डने १९६५च्या थंडरबर्डमध्ये जास्तीच्या बल्बांना कामाला लावलं. प्रत्येक बाजूला तीन बल्ब, आणि वळताना ते आतून बाहेर एकामागून एक पेटत. तेव्हा त्यामागे इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं. डिकीत एक छोटी मोटर होती, तिच्या दांड्यावर तीन उंचवटे, आणि प्रत्येक उंचवटा आपापला स्विच दाबत जाई. देवळातल्या विजेवर चालणाऱ्या नगाऱ्यासारखाच प्रकार, फक्त टिपरीच्या जागी बल्ब.

आता माझ्या वाटीकडे वळतो.

भोक पाडण्याआधी दिवा उघडावा असं वाटलं होतं. हेडलाईट उघडणारे लोक तो गरम हवेत धरतात. काच आणि मागचं कवच यांच्यामधला ब्युटाइलचा चिकट पट्टा मऊ होतो आणि काच हलक्या हाताने सुटते. मागचा दिवा असा सुटत नाही. बहुतेक वेळा त्याची काच (म्हणायला काच, असतं ॲक्रिलिक) कवचाला वितळवून जोडलेली असते. तापवत गेलात तर जोड सुटायच्या आत आख्खा दिवा वाकडा होतो. म्हणून शहाणी माणसं दिवा उघडतच नाहीत, मागूनच कवचाला भोक पाडतात. त्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचं ड्रिल बिट लागतं, मिलिमीटर मिलिमीटरने भोक मोठं करणारं. साधं जाड बिट प्लॅस्टिकला पकडतं आणि तडा पाडतं. दिवा तोंड खाली करून, भोक पाडायची बाजू वर धरून काम केलं तर सगळा भुसा आत पडतो आणि आयुष्यभर त्या पारदर्शक काचेमागे दिसत राहतो. तोंड वर, भोक खाली, आणि ड्रिल खालून वर. हे मला दुसऱ्या दिव्याच्या वेळी सुचलं. डावीकडच्या दिव्यात तो भुसा अजून आहे.

भोक कुठे पाडायचं हाही प्रश्नच आहे. बल्ब पेटला म्हणजे वाटी पेटली असं होत नाही. वाटीचा आतला भाग उजेड गोळा करून मागे फेकण्यासाठी वळवलेला असतो आणि त्या वळणाला एक नेमका बिंदू असतो. बल्बची तार त्या बिंदूवर आली तर सगळी वाटी भरून पेटते; अर्धा-पाऊण सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तर मध्ये ठिपका आणि कडेला काळोख. म्हणूनच २१ वॉटच्या बल्बमध्ये टोपीच्या पिनांपासून तारेपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं, सुमारे ३२ मिलिमीटर, मग बल्ब कुठल्याही कारखान्यातला असो. शोभेच्या वाटीला असा बिंदू असेलच असं नाही. तिच्याकडून कुणी कामाची अपेक्षाच केलेली नसते. मी एक बल्ब वायरला लावून भोकातून पुढेमागे सरकवत राहिलो आणि बायकोला समोर उभं करून विचारत राहिलो. ती म्हणाली, “मघाशी बरं दिसत होतं.” मघाशी म्हणजे कधी, ते दोघांनाही सांगता येईना.

दुकानात मागच्या दिव्याचे दोन मुख्य बल्ब मिळतात. एक सिंगल फिलामेंटचा, २१ वॉट. दुसरा डबल फिलामेंटचा, ज्याच्या काचेवर नाही पण टोपीवर २१/५ असं लिहिलेलं असतं. या दुसऱ्याच्या पोटात दोन तारा असतात: ५ वॉटची तार रात्रभर मंद जळते आणि २१ वॉटची ब्रेक दाबला की पेटते. त्याच्या टोपीवरच्या दोन पिना मुद्दाम खालीवर ठेवलेल्या असतात, म्हणजे बल्ब उलटा बसूच नये. होल्डर झिजला किंवा बसवणाऱ्याने जोर लावला तर तो उलटाही बसतो. मग रात्रभर २१ वॉट जळतात आणि ब्रेक दाबल्यावर ५ वॉटची भर पडते. सिंगलचा बल्ब डबलच्या होल्डरमध्ये कोंबला तर आणखी मजा: त्याच्या तळाचा एकच गोळा होल्डरच्या दोन्ही टोकांना टेकतो आणि दोन वेगळ्या लाईनी एक होऊन बसतात. ब्रेक दाबला की मीटरचे दिवे लागतात. अशी गाडी घेऊन माणूस वायरमनकडे जातो आणि मीटर खराब आहे म्हणून सांगतो.

मी काय केलं? घरात २१ वॉटचे सिंगल बल्ब पडलेले होते, त्यांचे होल्डरही होते. वरची वाटी रात्री दिसावी एवढीच इच्छा होती, म्हणून ते दोन बल्ब पार्किंगच्या लाईनवर जोडून टाकले. संध्याकाळी दिवे लावले आणि मागे जाऊन पाहिलं. झकास. दोन्ही लाल वाट्या भरून पेटलेल्या.

मग गाडी गल्लीतल्या बंद दुकानाच्या शटरकडे पाठ करून लावली. एकट्या माणसाला स्वतःचे ब्रेकलाईट तपासायचे असतील तर हा जुना उपाय आहे: आरशात शटर बघायचं आणि ब्रेक दाबायचा. शटर आधीच लालभडक होतं. ब्रेक दाबला. लालभडकच राहिलं. पुन्हा दाबला. काहीतरी किंचित हललं असावं.

हिशेब नंतर केला. साडेतेरा व्होल्टवर, म्हणजे इंजिन चालू असताना गाडीत साधारण जेवढा दाब असतो तेवढ्यावर, डबल फिलामेंट बल्बची छोटी तार सुमारे ३५ ल्युमेन उजेड देते आणि मोठी ४४०. मूळच्या रचनेत रात्री एका बाजूला ३५ ल्युमेन, आणि ब्रेक दाबल्यावर ४७५. जवळजवळ साडेतेरा पट. मी वरच्या वाटीत ४६० ल्युमेनचा बल्ब कायमचा पेटता ठेवला. आता रात्री ४९५, आणि ब्रेक दाबल्यावर ९३५. दुप्पटही नाही. हे बल्बचे आकडे झाले, काचेबाहेर काय पडतं ते वाटीच्या आकारावर ठरतं. पण शटर जे सांगत होतं तेच आकडेही सांगत होते. एकाच कवचात पार्किंग आणि ब्रेक असतील तर ब्रेकची तीव्रता किमान पाच पट हवी, अशी अट मोटारींच्या दिव्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत आहे. माझी गाडी आधीपेक्षा कितीतरी उजळ झाली होती आणि थांबतेय हे सांगणं तिने जवळपास सोडून दिलं होतं.

हेडलाईट रस्ता दाखवतो, त्यामुळे तिथे जास्त उजेडाला काही अर्थ आहे. मागच्या दिव्याने कुणाला काही दिसत नाही. तो मागच्या माणसाशी बोलतो, आणि त्याचे शब्द फरकाचे असतात: मंद आणि प्रखर, स्थिर आणि लुकलुकता, लाल आणि पिवळा. जास्तीचा बल्ब घालणाऱ्याने आधी एवढंच विचारावं, की हा बल्ब कोणता शब्द बोलणार आहे आणि त्याने दुसरा कुठला शब्द ऐकू येईनासा होईल.

उजेडाचं गणित चुकलं तसं उष्णतेचंही चुकलं होतं. फिलामेंटच्या बल्बला दिलेल्या विजेतला फार थोडा भाग उजेड होतो, बाकीची उष्णता. ब्रेकचे २१ वॉट एरवी काही सेकंद जळतात आणि विझतात; तेवढ्यात प्लॅस्टिक तापत नाही. तेच २१ वॉट तासभर सलग, एका बंद वाटीत, जिच्यात बल्ब येणारच नव्हता म्हणून हवेची वाट ठेवलेली नाही. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास नरम पडू लागतं. आठवड्याभरात वाटीच्या वरच्या कडेचा चांदीचा मुलामा तपकिरी झाला आणि काचेला आतून एक हलकी लाट आली. भरीला, भोकाभोवती सिलिकॉन नीट न लावल्याने पहिल्या धुण्यातच आत वाफ धरली.

यापेक्षा जास्त घोळ वायरिंगमध्ये होतात आणि ते सुधारायला जास्त वेळ खातात. हौशी माणूस दोन ब्रेकच्या बल्बांचे चार करतो. चौऱ्याऐंशी वॉट, म्हणजे बारा व्होल्टला सात अँपिअर. मूळची वायर निम्म्यासाठी होती. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत चार मीटर अंतरावर सात अँपिअर नेताना जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जिरतो. एक व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो. पण फिलामेंटचा उजेड दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, फार वेगाने कमी होतो. दाब दहा टक्के घटला तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे चार बल्ब लावून त्यांतल्या प्रत्येकाचा जवळजवळ पाव हिस्सा वायर गरम करण्यात घालवायचा. त्यातच थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या साधारण दहावा भाग असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी बल्ब कितीतरी जास्त करंट ओढतो. तो झटका ब्रेकच्या पेडलजवळचा बोटाएवढा स्विच सोसतो आणि एक दिवस त्याची टोकं जळतात. नंतर चारही बल्ब बंद.

म्हणून रिले. रिले हा दोन खोल्यांचा स्विच आहे: एका खोलीत छोटा करंट, जो फक्त चुंबक ओढतो, दुसऱ्या खोलीत बॅटरीहून फ्यूजमार्गे आलेला मोठा करंट. जुन्या ब्रेक लाईनीवर आता फक्त चुंबकाचा भार पडतो. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ही जर्मन मानकाची देणगी: ३० म्हणजे थेट बॅटरी, ८५ आणि ८६ चुंबकाच्या दोन बाजू, ८७ बाहेर जाणारी वाट. त्याच मानकात ब्रेकलाईटला ५४ आणि पार्किंगला ५८ आहे. गॅरेजमधल्या ज्या पोराला जर्मनीचं स्पेलिंग येत नाही त्यालाही हे आकडे पाठ असतात.

काहींना एकाच बल्बकडून ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही करून घ्यायचं असतं. त्यासाठी दोन्ही लाईनींत डायोड घालतात, म्हणजे एकीची वीज दुसरीत शिरत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डायोड मागितला की हमखास १एन४००७ पुढे येतो, चणे-फुटाण्यासारखा स्वस्त. तो एक अँपिअरचा. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन ओढतो. तीन अँपिअरचा १एन५४०८ मागावा.

आणि मग अर्थ. गाडीच्या विजेला परतीची वेगळी वायर बहुधा नसते. गाडीचा पत्रा हीच परतीची वाट. तिला वायरमन अर्थ म्हणतात, आणि मराठीत हा शब्द असा काही चपखल बसतो की इंग्रजांना हेवा वाटावा. अर्थ नसेल तर दिवे निरर्थक बोलू लागतात. जास्तीच्या होल्डरची काळी वायर लोक जवळच्या एखाद्या स्क्रूखाली सारतात. स्क्रूखाली रंग असतो, रंगाखाली काही पावसाळ्यांनी गंज. करंटला परत जायचं असतंच, म्हणून तो आडवाटेने जातो. ब्रेकच्या तारेतून बल्बच्या टोपीत आला, तिथे पत्रा सापडला नाही, तर शेजारच्या ५ वॉटच्या तारेतून उलटा शिरून पार्किंगच्या लाईनीत जातो आणि तिथल्या दुसऱ्या बल्बांतून जमीन गाठतो. त्यामुळे दिवसा ब्रेक दाबला की नंबरप्लेटचा दिवा आणि मीटर मंद उजळतात. रात्री तर दोन्ही तारांना दोन्हीकडून बारा व्होल्ट मिळतात, उतार कुठेच नाही, त्यामुळे ब्रेक दाबल्यावर आधी मंद जळणारा दिवा विझतो. मागच्या माणसाला वाटतं, या गाडीने ब्रेक सोडला. अशा वेळी बल्ब बदलणं, होल्डर बदलणं, फ्यूज बदलणं हे सगळं होतं, आणि शेवटी कुणीतरी एक वायर घेऊन बल्बच्या टोपीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत धरतो. सगळं एकदम शहाणं होतं. मी हे काम स्क्रू काढून, पत्रा चकचकीत घासून, थिंबल लावून, वर थोडं ग्रीस चोपडून केलं. तिन्ही रविवारांत हे एकच काम पहिल्या फटक्यात बरोबर झालं.

एलईडीचं काय, असं आता कुणीही विचारेल. उष्णता कमी, करंट कमी, आणि फिलामेंट पूर्ण पेटायला लागणारा सेकंदाचा पाचवा भाग वाचतो. ताशी शंभरच्या वेगात तेवढ्या वेळात मागची गाडी साडेपाच मीटर पुढे येते, म्हणजे फायदा खराच. पण लाल काचेमागे पांढरा एलईडी घालू नये. फिलामेंटच्या उजेडात लाल भरपूर असतो, पांढऱ्या एलईडीत कमी. लाल काच बाकीचं सगळं अडवते आणि हाती गुलाबीसर मिणमिण राहते. तिथे लाल एलईडीच हवा.

कायद्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा असं आहे. गाडीत परवानगीशिवाय केलेल्या बदलाला २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शोभेच्या दिव्याची जोडी किती रुपयांना येते ते आठवून पाहावं.

जास्तीच्या बल्बने खरोखर जीव वाचवल्याचं एक उदाहरण मात्र आहे. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॉन व्होएव्होडस्की या मानसशास्त्रज्ञाने ३४३ टॅक्सींच्या मागे, मधोमध, एक जास्तीचा पिवळा दिवा बसवला. चालकाने जितका जोरात ब्रेक दाबावा तितका तो जलद लुकलुके. १६० टॅक्सी दिव्याशिवाय ठेवल्या. दिव्याच्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्या. त्यानंतर स्थिर लाल दिव्याच्याही चाचण्या झाल्या आणि १९८६च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीला मागच्या काचेपाशी तिसरा ब्रेकलाईट सक्तीचा झाला. सरकारी यंत्रणेने १९९८ साली हिशेब मांडला तेव्हा दीर्घ मुदतीचा फायदा ४.३ टक्के निघाला. रस्त्यावर सगळ्यांकडेच तो दिवा आल्यावर त्याचं नवेपण उरलं नाही. तरीही कोट्यवधी गाड्यांवर ४.३ टक्के ही लहान संख्या नाही, आणि एका साध्या बल्बकडून तर नाहीच. या दिव्याची जागा नीट पाहिली तर कळतं, तो पार्किंगच्या दिव्यांपासून दूर, उंचावर, एकटा आहे. त्याच्याकडे एकच शब्द आहे आणि रात्रभर तो गप्प असतो.

तिसऱ्या रविवारी मी वरच्या वाटीतले २१ वॉटचे बल्ब काढले आणि त्याच होल्डरमध्ये ५ वॉटचे बसवले. टोपी तीच असते, फक्त काचेचा गोळा छोटा आणि तार बरीच कमी उंचीवर, त्यामुळे वाटी आता भरून पेटत नाही, मध्ये थोडी पोकळ दिसते. रात्रीचे ८५ ल्युमेन, ब्रेकचे ५२५. सहा पट. मुलामा जिथे तपकिरी झालाय तिथे तो तसाच आहे.

रात्री पुन्हा शटरकडे पाठ करून गाडी लावली. ब्रेक दाबल्याबरोबर आख्खं शटर लाल झालं, त्याच्या पत्र्यावरच्या पट्ट्या सुट्या सुट्या दिसल्या आणि पायरीवर झोपलेला कुत्रा उठून बाजूला गेला. काढलेले दोन बल्ब रुमालात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकले. त्यातला एक मागच्या पावसाळ्यात रिव्हर्सला लागला.